प्रतापगडाच्या वाटेवरचे ओट्स

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझ्या नवऱ्याने मला नवेगावबांधच्या तलावाच्या पाळीवर बसवून ओट्स खाऊ घातले. मी एक चमचा तोंडात घातला आणि म्हटलं, "हे तर म्हशीच्या टोपल्यातलं वाटून राहिलं." तो रागावला नाही. म्हणाला, "आज दिवसभर चाल. उद्या सकाळी सांग कसं लागते ते." दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंज, म्हणजे शिजवायचं पातेलं, बोटाने पुसून खाल्लं.

आम्ही दोघं गोंदियाच्या एकाच कॉलेजात होतो, म्हणून एकमेकांना अरे-तुरे करायचो. सासूला ते कायम खटकायचं. स्पर्धा परीक्षांसाठी तो काही वर्षं पुण्यात राहिला. परीक्षा काही निघाली नाही, पण रविवारी खोलीतल्या मित्रांसोबत किल्ले चढायची सवय लागली. परत आला तो पाठीवर एक मोठी सॅक, तंबू आणि मुठीएवढा गॅसचा स्टोव्ह घेऊन. मग गोंदियात एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवायला लागला. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला होते, अजूनही आहे. गोंदियाला लागूनच मुर्रीला घर, घरात आम्ही दोघं आणि त्याची आई. मूल झालं नाही.

दर हिवाळ्यात धान कापून झालं की आम्ही एसटीने निघायचो आणि कुठल्या तरी फाट्यावर उतरून चालायला लागायचो. कुणाला विचारून त्यांच्या बांधीत, धानाच्या शेतात, नाही तर तलावाच्या पाळीखाली तंबू टाकायचा, सकाळी न्याहारी करायची आणि पुढे जायचं. लोक विचारायचे, "घर नाही काय जी तुमाले?" न्याहारी नेहमी तोच करायचा. थोड्या तेलात लसूण आणि हिरवी मिरची, मग कांदा, मग ओट्स तेलावर परतून घ्यायचे, उकळतं पाणी ओतायचं, वरून मीठ आणि मूठभर सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. धुक्यात तो वास लांबपर्यंत जायचा. मी तंबूतून बाहेर यायच्या आत माझा वाटा ताटलीत वाढलेला असायचा.

खाऊन झालं की तो खिशातून खर्र्याची पुडी काढायचा. सुपारी, तंबाखू, चुना, सगळं प्लास्टिकच्या पन्नीत घालून तळहातावर घोटलेलं. आमच्या जिल्ह्यात हे कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी सांगते. क्लासमध्ये शिकवतानाही त्याच्या गालात खर्रा असायचा. मी भांडले, पुड्या फेकल्या, त्याच्या आईला मध्ये घातलं. आई म्हणायची, "त्याचा बाप खात होता, काही झालं काय त्याले?"

आधी त्याला तिखट झोंबायला लागलं. ओट्समधली मिरची कमी झाली, मग बंदच झाली. मग एकदा बाजारात पाणीपुरी खायला उभे होतो तर पुरी त्याच्या तोंडात जाईना. तो हसला, पुरी हाताने फोडून खाल्ली. तोंडात दोन बोटं जाईनात तेव्हा आम्ही डॉक्टरकडे गेलो. तोवर आत, दाढेच्या मागे, एक जखम झालेली होती. ती भरत नव्हती.

नागपूरला ऑपरेशन झालं. डाव्या बाजूचं अर्धं जबड्याचं हाड काढलं आणि छातीचं मांस घेऊन गाल बांधला. मग शेक दिले, रेडिएशनचे. सहा महिने आम्ही असं म्हणत होतो की झालं ते झालं, आता सुटलो. त्याचं बोलणं कुणाला कळत नव्हतं, मला आणि आईलाच कळायचं. क्लासमध्ये तो काही दिवस फळ्यावर गणितं मांडून गप्प उभा राहायचा. पोरं शहाणी होती, हसली नाहीत. पण पालकांनी विचारायला सुरुवात केली आणि त्याने स्वतःच जाणं बंद केलं.

जेवण म्हणजे पातळ. घरी तो स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचा, खांद्यावर टॉवेल घ्यायचा आणि आम्ही दोघी बाहेरच्या खोलीत थांबायचो. त्याने कधी सांगितलं नाही की बाहेर जा. आम्हालाच ते समजलं होतं.

मग कानाखाली पुन्हा गाठ आली. नागपूरच्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्याहून लहान असाव्यात. त्यांनी रिपोर्ट पाहिले, त्याची मान चाचपली, आणि खुर्ची त्याच्याजवळ ओढून सांगितलं की आता कापण्यासारखं काही राहिलेलं नाही. गिळणं लवकरच बंद होईल. त्याआधी नाकातून पोटात नळी घालून घ्या, म्हणजे उपाशी राहणार नाही. दुखण्याच्या गोळ्या वाढवून दिल्या. त्याने विचारलं, मी ते मॅडमना सांगितलं, "नळी पुढच्या आठवड्यात घातली तर चालेल का?" त्या म्हणाल्या, चालेल, पण फार लांबवू नका.

गोंदियाला परत येताना गाडीत तो खिडकीशी बसला होता. भंडारा रोड गेल्यावर म्हणाला, "नळीच्या आधी एकदा जाऊन येऊ."

"कुठं?"

"प्रतापगड. नवेगाववरून चालत."

दर वर्षी आम्ही नवेगावच्या तलावाशी थांबायचो आणि तो म्हणायचा, पुढच्या वर्षी पायी प्रतापगडापर्यंत जाऊ. हा आमच्याच जिल्ह्यातला प्रतापगड, इतिहासातला तो प्रसिद्ध किल्ला नव्हे. ते राहूनच गेलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. वजन इतकं उतरलं होतं की शर्टाची कॉलर गळ्याभोवती अंतरावर उभी राहायची. मी नाही म्हणायला हवं होतं का, हा प्रश्न मला नंतर लोकांनी विचारला. मला तेव्हा दुसरं काही देण्यासारखं दिसत नव्हतं.

"चमच्यानं खातो आहे तोवर," तो म्हणाला. "बाहेर बसून. भिंतीकडं पाहून नाही."

घरी आई चिडली. "त्याच्या अंगात जीव नाही न तू त्याले रानात घेऊन चालली?"

"मी नाही नेऊन राहिली आई. तोच मले नेऊन राहिला."

"न रस्त्यात काही झालं तं?"

ती पाठ फिरवून बसली. संध्याकाळी मी ओट्स भाजत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात आली आणि कढईकडे बघत हळूच म्हणाली, "गडावर दर्गा आहे ना. लोक दोरा आनते म्हनते." आमच्या घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. या बाईने आयुष्यात कुठल्या देवाला नवस बोललेला नाही, कुणी बोलला तर ती त्याची टर उडवायची. मी "आणते" म्हटलं आणि ओट्स हलवत राहिले.

ओट्स मी कोरडे भाजले, वास सुटेपर्यंत. थंड करून मिक्सरमधून काढले आणि मैद्याच्या चाळणीने चाळले, कारण एक कणी जरी अडकली तरी त्याला अर्धा तास खोकला लागायचा. चाळून उरलेले पुन्हा दळले. त्यात दुधाची पावडर आणि बारीक केलेला गूळ मिसळला. प्रत्येक सकाळचं वेगळं, पिशवीत बांधून ठेवलं. तुपाची एक छोटी बाटली घेतली. मीठ नाही, मिरची नाही. गोळ्या कुटायला छोटा खल घेतला. माझ्यासाठी मी थोडे साधे ओट्स न दळता ठेवले, सोबत तेल, लसूण, एक मिरची आणि एक छोटं भांडं.

गोरेगावला बस थांबली तेव्हा तिथला बाजाराचा दिवस होता. टोपली घेऊन एक म्हातारी आमच्या शेजारी बसली. दुपट्ट्यात गुंडाळलेल्या त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिने मला विचारलं, "काय झालं जी बाबूले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "माह्या जवायाचंबी असंच झालं होतं." मी विचारलं, "आता कसे आहेत?" तिने टोपलीवरचं फडकं नीट केलं आणि खिडकीबाहेर बघत बसली.

नवेगावबांधला उतरलो आणि चालायला लागलो. सॅक माझ्या पाठीवर होती. तो ऐकेना म्हणून स्टोव्ह आणि गंज असलेली छोटी पिशवी त्याच्याकडे दिली. धान कापून झालं होतं, बांध्यांमध्ये जागोजागी कापलेल्या धानाचे पुंजणे उभे होते आणि धसकटांमधून लाखोरीच्या डाळीची रोपं हिरवी वर आली होती. तो थोडं चालायचा, बांधावर बसायचा, पुन्हा उठायचा. मी पुढे जात नव्हते आणि मागेही राहत नव्हते. पूर्वी तो कितीतरी पुढे निघून जायचा आणि वळणावर उभा राहून माझी वाट बघायचा. दुपार कलली तेव्हा आम्ही एका गावाबाहेरच्या जुन्या तलावाशी पोचलो होतो. पाळीखाली ज्यांची बांधी होती त्यांना विचारलं, त्यांनी धानाची वाळलेली तणीस दिली अंथरायला.

सकाळी धुकं इतकं होतं की तलाव ऐकू येत होता, दिसत नव्हता. मी स्टोव्ह पेटवला तर ज्योत नुसती निळी फुरफुरत राहिली, पाण्याला काही आंच लागेना. थंडीत गॅसचा डबा गारठतो. हे मला माहीत नव्हतं, ते काम नेहमी त्याचं असायचं. त्याने हाताने खूण केली, डबा स्टोव्हवरून काढून घेतला आणि स्वेटरच्या आत काखेत धरून बसला. किती वेळ तसाच बसला. मग परत दिला. आता ज्योत सरळ उभी राहिली.

"आधी थंड पाण्यात कालव," तो म्हणाला. "नाही तर गुठळ्या होतात."

मी पीठ गार पाण्यात कालवलं, उकळत्या पाण्यात हळूहळू सोडलं आणि चमचा तळाशी लावून फिरवत राहिले. ते फदफदायला लागलं. भाजलेल्या धान्याचा आणि गुळाचा वास आला. तूप सोडलं, कुटलेली गोळी वाटीत वेगळी भिजवून त्यात घातली. मग गंज दुपट्ट्यात धरून त्याच्या मांडीवर दिला.

तोंडाची आतली कातडी शेकांनी सोलून निघालेली होती. गरम काही लागलं तरी तो उठून उभा राहायचा. म्हणून गंज दोन्ही हातांत धरून तो वाफेत तोंड घालून बसला. डोळे मिटले होते. एवढा खटाटोप करून गरम न्याहारी केली आणि मग ती थंड होण्याची वाट बघत बसलो.

"तुझ्यासाठी तिखट कर," तो म्हणाला.

"मी हेच खाते."

"कर ना. लसूण, मिरची टाकून. मले वास तरी येईल."

मी सॅकमधून लसूण काढला. एक मिरची होती, ती मोडून तेलात टाकली. तो वास पाळीवर पसरला आणि त्याने चेहरा माझ्याकडे वळवला. पाणी आलं त्याच्या तोंडात, आणि ओठ मिटत नसल्यामुळे ते हनुवटीवरून ओघळलं. त्याने टॉवेलने पुसलं नाही. लहान मुलांचा चपटा चमचा त्याच्याकडे होता. तो चमचा दातांच्या फटीतून आडवा आत सारायचा, मान मागे टाकायची, गिळायचं. गिळताना सगळा गळा वर यायचा. अर्धं पोटात गेलं, अर्धं टॉवेलवर. मी समोर बसून माझे तिखट ओट्स खात होते आणि त्याच्याकडे बघत होते, कारण इतक्या महिन्यांत तो पहिल्यांदाच माझ्यासमोर खात होता. ते बघणं सोपं नव्हतं. मला वाटलं होतं, बाहेर आलो की काहीतरी हलकं होईल. घरी जे भिंतीआड होतं ते इथे उजेडात दिसलं, एवढंच.

"गोड जास्त झालं," शेवटी तो म्हणाला.

त्या दिवशी आम्ही फार कमी चाललो. दुपारी त्याच्या कानाखाली गाठीवर बांधलेल्या पट्टीवर लाल डाग दिसला, ती बदलली. पुढच्या गावाच्या कडेला एक नवरा-बायको खळ्यावर धान चुरत होते. त्यांनी बघितलं आणि स्वतःहूनच म्हणाले, इथंच राहा, उगाच पुढं कायले जाता. आम्ही त्यांच्या खळ्याला लागून तंबू टाकला.

सकाळी मी स्टोव्ह पेटवून बसले तर ती बाई शेणाची टोपली बाजूला ठेवून माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली.

"काय शिजवून राहिली वो माय?"

"ओट्स."

"कायचे?"

"गव्हासारखंच एक धान्य असते. भाजून दळून आणलं. ह्यांले दुसरं काही गिळता येत नाही."

तिने त्याच्याकडे बघितलं. लोक नजर चुकवतात तशी तिने चुकवली नाही. "खर्रा?"

"हो."

"माह्या घरचाबी खातेच ना."

तिचा नवरा कुडाला टेकून उभा होता. त्याच्या तळहातावर पन्नी होती आणि तो अंगठ्याने खर्रा घोटत होता. बायकोचं बोलणं त्याने ऐकलं. हात थांबला. मग पुन्हा चालू झाला.

माझा नवरा काहीतरी बोलला. तो माणूस पुढे आला. "काय म्हनून राहिले भाऊ?"

"म्हणते, चुना कमी पडला," मी सांगितलं.

तो माणूस हसला, बाई हसली, आणि माझा नवराही हसला, एका बाजूने. मग त्याने हात पुढे केला.

त्या माणसाने माझ्याकडे बघितलं. "देऊ काय?"

"मले काय विचारता? त्यांनाच विचारा."

मला राग आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं. माझ्या नवऱ्याने पन्नी घेतली, उघडली आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरून बसला. मग घडी घालून परत दिली. त्या माणसाने चिमूट काढून गालात ठेवली आणि इकडे तिकडे बघत म्हणाला, "सोडतो म्हनतो मीबी. सोडतो."

"कवा?" बायकोने विचारलं.

तो खळ्याकडे निघून गेला. बाईने आम्हाला तांब्याभर दूध आणून दिलं, तापवलेलं. ते मी ओट्समध्ये घातलं. त्याने चार-पाच चमचे घेतले आणि गंज खाली ठेवला. बाई गेल्यावर मी विचारलं, "खाणार होता का?"

"तोंड उघडलं असतं तर खाल्ला असता," तो म्हणाला.

मी उरलेले ओट्स खाऊन टाकले. टाकून द्यायचं म्हटलं तर ते तिचं दूध होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर आम्ही प्रतापगडाच्या पायथ्याशी पोचलो. शेवटचा टप्पा आम्ही चाललोच नाही. धान घेऊन जाणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्याने बघितलं आणि थांबला. माझ्या नवऱ्याने क्षणभर रस्त्याकडे बघितलं आणि मुकाट्याने ट्रॉलीत चढला. यात्रेचे दिवस नव्हते, त्यामुळे गडाखाली शांतता होती. एका बंद दुकानाच्या ओट्यावर रात्र काढली. हातपंप जवळ होता.

सकाळी मी ओट्स पाण्यासारखे पातळ केले. रात्रीपासून त्याला थुंकीही गिळवत नव्हती. तरी मी केले. गॅसचा डबा त्याने काखेत धरला होता, पीठ मी गार पाण्यात कालवलं, सगळं रोजच्यासारखं. गंज निवल्यावर त्याने चमचा आत सारला, मान मागे टाकली, आणि खोकला. मी पाठीवर हात ठेवला. त्याने दुसरा चमचा घेतला. मला दिसलं की कानाखालची पट्टी ओली होते आहे. मी मनात म्हटलं, रक्त. पट्टी सैल केली तर ते पांढरं होतं. गाठ आतून फुटली होती, तोंडातून मानेपर्यंत भोक पडलं होतं आणि ओट्स तिथून बाहेर येऊन कॉलरमध्ये उतरत होते.

तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. त्याने मानेला हात लावला, बोटं समोर धरून बघितली. मग आणखी एक चमचा घेतला. का घेतला ते माहीत नाही. कदाचित खात्री करायला. तोही तसाच बाहेर आला.

"बस," तो म्हणाला, आणि चमचा गंजात ठेवला.

मी त्याला हातपंपाशी नेलं. एका हाताने पंप मारून दुसऱ्या हाताने मान धुवायचा प्रयत्न करत होते, ते काही जमेना. दर्ग्याकडे निघालेलं एक जोडपं थांबलं. त्यातला पुरुष काही न विचारता पंप मारायला लागला. पाणी बर्फासारखं होतं. धुऊन, नवी पट्टी बांधून मी त्याला परत ओट्यावर बसवलं. तेवढ्यात तो उठला आणि गंज घेऊन पुन्हा पंपाशी गेला. राहिलेले ओट्स त्याने झाडाच्या बुंध्याशी ओतले आणि मातीने गंज घासायला लागला. हे कामही नेहमी त्याचंच असायचं. तो बराच वेळ घासत होता.

वर गडावर ऊन आलं होतं.

"चढायचं?" मी विचारलं. "हळूहळू जाऊ. जमेल तेवढं."

त्याने वर बघितलं. "कायले?"

आम्ही बसून राहिलो. मग तो म्हणाला, "तू जाऊन ये. आईले दोरा पाह्यजे ना."

"तिनं तुले सांगितलं?"

"मले ऐकू येते. कान चांगले आहेत माहे."

मी गेले नाही. त्याला तिथे एकटं ठेवून जाणं मला शक्य नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्या दोऱ्याने काही होईल असं मला, त्याला आणि दोरा मागणाऱ्या आईलाही वाटत नव्हतं. मघाचं जोडपं खाली उतरलं. त्या पुरुषाने आमच्या हातावर रेवड्या ठेवल्या. माझ्या नवऱ्याने त्या माझ्या हातात दिल्या. मी खाल्ल्या. मला भूक लागली होती.

एका रिक्षाने आम्ही अर्जुनीला आलो आणि गोंदियाची पॅसेंजर पकडली. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला. मी स्टेशनं मोजली नाहीत. घरी आईने दार उघडलं, त्याची ओली पट्टी बघितली, आणि दोऱ्याचं नावही काढलं नाही. पाणी तापवायला आत गेली.

दोन दिवसांनी नागपूरला नळी घातली. मग मी तेच पीठ करत राहिले, आणखी पातळ, मलमलच्या कपड्यातून गाळून, मोठ्या सिरिंजने नळीत सोडायचे. तोंडाला चव लागायचा प्रश्नच नव्हता. एकदा मी विचारलं, "गरम लागते काय?" त्याने छातीवर हात ठेवून खूण केली, इथपर्यंत लागते, मग नाही. त्यानंतर तो फारसा बोलला नाही. बोललं की भोकातून हवा यायची, आणि त्या आवाजाची त्याला लाज वाटायची. काही हवं असलं की आईचा हात धरून खुणा करायचा. माझ्याकडून फक्त गोळ्या मागायचा.

उन्हाळ्याच्या तोंडाशी, मोहाची फुलं पडायच्या दिवसांत तो गेला. सकाळी नव्हे, माझ्यासमोरही नव्हे. बरेच दिवस रजा झाल्यामुळे मी त्या आठवड्यात पुन्हा कामावर जायला लागले होते. दुपारी फोन आला तेव्हा मी परत आलेली पुस्तकं कपाटात लावत होते. आई त्याच्याजवळ होती. ती म्हणाली, काही बोलला नाही, नुसता भिंतीकडे वळला.

लोक अजून भेटायला येतात. त्यांना कुठून तरी कळलेलं असतं की आम्ही शेवटी पायी गेलो होतो. म्हणतात, बरं केलं, त्याची शेवटची इच्छा पूर्ण झाली. ओळखीच्या एका गुरुजींनी तर क्लासच्या पोरांसमोर तसं भाषण केलं. मी त्यांना सांगत नाही की कुठलीच इच्छा पूर्ण झाली नाही. त्याला बाहेर बसून पोटभर खायचं होतं आणि तो उपाशी परत आला. गड त्याने खालून बघितला. जे व्हायचं होतं ते आम्ही घरी बसलो असतो तरी झालं असतं, आठवडाभर इकडे-तिकडे.

आई मात्र लोकांचं ऐकत नाही. कुणी असं काही म्हणालं की ती उठून आत जाते. परवा पाहुणे गेल्यावर मी तिच्यामागे आत गेले. ती तांदूळ निवडत बसली होती. मी समोर बसले.

"थंडीत त्रास झाला काय त्याले?" तिने विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच.

"झाला," मी म्हटलं.

तिने मान हलवली आणि सूप माझ्याकडे सरकवलं. बराच वेळ आम्ही दोघी खडे काढत बसलो. बाहेर अंधारून आलं, तरी दिवा लावायला कुणी उठलं नाही.